वगळलेला आकडा

"एक, दोन, चार, पाच, सहा," असं पुटपुटत झायरानं फडताळातून खोल ताटल्या काढल्या आणि टेबलावर मांडल्या. मांडल्या पाचच.

"सहावं कोण येतंय जेवायला?" चुलीपाशी उभ्या मिरेल्लानं मागं न बघता विचारलं.

"कुणी नाही. पाचच."

"मग मी पाचांचंच कालवण करते हं, सासूबाई. तुमच्या आकड्यांवर गेले तर रोज एकाचं जेवण उरायचं."

सून बोलायला तिखट, पण तिच्या बोलण्यात काटा नव्हता. जानेवारीत थोरली बहीण योले गेली आणि तिच्या पाठोपाठ झायराच्या मोजण्यातून तीन निघून गेला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. औषधाच्या गोळ्या असोत की जिन्याच्या पायऱ्या, एक, दोन, चार. सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईला कोण शिकवणार? तीन म्हणायला गेलं की जीभ टाळ्याला चिकटून बसते, असं ती म्हणे आणि विषय बदले.

बाहेर धुकं उतरलं होतं. कालव्यापलीकडची घरं दिसत नव्हती, नुसती त्यांच्या खिडक्यांची पिवळट ओल दिसत होती. कुणीतरी पुलावरून सायकल हातात धरून गेलं. चाकाची टिकटिक ऐकू आली, माणूस काही दिसला नाही. झायरा खिडकीशी खुर्ची ओढून बसली. अलीकडे तिला असं बसल्याबसल्या डोळा लागायचा आणि तेव्हाच्या होड्या आताच्या कालव्यातून जायला लागायच्या.

कोमाक्योच्या खाजणात वाढलेल्या माणसाला धुक्याबद्दल काही सांगावं लागत नाही. होडीच्या एका टोकाला बसलं की दुसरं टोक दिसत नाही. म्हणून झायराच्या माहेरी, फेलेत्तींच्या घरात, धुक्यातल्या हजेरीची रीत होती. मागं उभा राहून काठीनं होडी रेटणारा बाप म्हणायचा, 'एक'. आई म्हणायची, 'दोन'. थोरली योले 'तीन', धाकटी झायरा 'चार'. थोडं पुढं गेलं की पुन्हा पहिल्यापासून. आकडा आला म्हणजे माणूस होडीत आहे. होडीत आपला आकडा आपणच म्हणायचा, दुसऱ्याचा नाही. दुसऱ्याचा म्हटला तर तो माणूस पाण्यात गेला असा अर्थ व्हायचा. पुढं झायराला ओबेर्दान झाला तेव्हा त्याला पाच मिळाला आणि योलेच्या ऑरेलियाला सहा. जावयांना आणि सुनांना आकडे नसत, आणि मिरेल्ला हे तेहेतीस वर्षं ऐकवत आली होती.

योले एकविसाव्या वर्षी एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर रोमला पळाली. त्या दिवशी बाप म्हणाला, "या घरात तिचं नाव नको आणि तिचा आकडाही नको. दोननंतर सरळ चार." पण झायराला सरळ चार म्हणता येईना. आईचा दोन आला की ती थांबायची. धुक्यात कान लावून बसायची, जणू होडीच्या टोकाशी कुणीतरी आहे आणि आत्ता बोलेल. मग बाप होडीच्या कडेवर काठी आपटायचा आणि ती दचकून म्हणायची, 'चार'.

दार धाडकन उघडलं. इतक्या मोठ्यानं दार उघडणारा गावात एकच माणूस, आणि तो तिच्याच पोटचा.

"आई, झोपलीस की काय? आज झोपायचा दिवस आहे का?" ओबेर्दाननं ओला कोट खुर्चीवर टाकला. खाणावळीच्या गल्ल्यावर बसून त्याचा आवाज असा झाला होता की कानात सांगितलेली गोष्टही पलीकडच्या पुलापर्यंत जायची. "तो माणूस आलाय. पाकोळीवाला. हॉटेलात उतरलाय, मी स्वतः बघून आलो. चष्मा आहे, वही आहे. तुझ्या चित्रपटाच्या चारच्या खेळाला पहिल्या पाच रांगांत जागा हवी म्हणाला."

"दे मग."

"दे मग! तीस वर्षं पत्रं लिहिली मी, आणि ही म्हणते दे मग."

पाकोळीवाल्यांचं पत्र त्याच्या खिशातच होतं. गेला महिनाभर ते तिथंच होतं आणि घड्यांवर फाटायला आलं होतं. सोनेरी पाकोळी हे रोमचं मोठं पारितोषिक. अडुसष्ट वर्षांपूर्वी 'खाजणातली बाई' या चित्रपटासाठी ते झायराला मिळणार, असं सगळ्या वर्तमानपत्रांनी लिहिलं होतं. एकोणीस वर्षांची, वामी मासे भाजायच्या कारखान्यात काम करणारी पोर, आयुष्यात कधी नाटकही न पाहिलेली, आणि पडद्यावर असं काही करून गेली होती की रोमचे लोक उभे राहिले होते. होडीत एकटी बसून ती परत न आलेल्या नवऱ्याची वाट बघते तो प्रसंग. बोलता बोलता मध्येच थांबते. पाण्याकडं बघते. आणि त्या थांबण्यात सगळं काही येऊन जातं.

पाकोळी दुसरीला मिळाली. परीक्षकांनी लिहिलं होतं की चेहरा एकीचा आणि आवाज दुसरीचा, त्याला एकीचा अभिनय कसा म्हणावा? आणि सर्वांत महत्त्वाच्या क्षणी ओठ मिटलेले असताना आवाज ऐकू येतो, हा ढोबळ दोष दुर्लक्षिता येत नाही.

आवाज योलेचा होता. झायराची खाजणी बोली रोमला कळेना, म्हणून तिच्या तोंडी दुसरीचा आवाज घालायचं ठरलं. तेव्हा सगळेच तसं करत. रोमच्या डबिंगच्या खोल्यांमध्ये कोमाक्योची एकच मुलगी होती.

ओबेर्दाननं पत्र उघडून सतराव्यांदा वाचलं. "'नव्यानं दुरुस्त केलेल्या प्रतीत अभिनेत्रीचा स्वतःचा आवाज असेल, अथवा निदान पूर्वीचा दोष उरला नसेल, तर मंडळ विलंबित सन्मानाचा विचार करील.' विचार करील म्हणजे देतीलच. आपल्याच घरातली पोर ती प्रत दुरुस्त करतेय, आणखी काय हवं?"

झायरानं मान डोलावली. तिला ती पाकोळी हवी होती का? हवी होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, योलेला तर नाहीच. वामी भाजताना, पोर वाढवताना, नवऱ्याला पुरताना, मधूनच तिच्या मनात यायचं की ओठ मिटलेल्या त्या एका जागी योले खोकली नसती तर! मग स्वतःचाच राग यायचा. बहिणीला तिनं कधी विचारलं नाही आणि बहिणीनं कधी सांगितलं नाही. योले गावी परतल्यापासून इतकी वर्षं दोघी शेजारी राहिल्या, एकमेकींची लोणची चाखली, एकमेकींच्या नवऱ्यांना नावं ठेवली. ही एक गोष्ट तेवढी दोघींच्या मधून वाहत राहिली. डिसेंबरच्या शेवटी, इस्पितळात, योले म्हणाली होती, "झायरा, त्या होडीच्या जागी ना, मी..." आणि झायरानं तिचा हात थोपटून म्हटलं होतं, "राहू दे गं आता." आपण फार मोठं मन केलं असं तिला तेव्हा वाटलं होतं.

ऑरेलिया आणि नोर्मा बोलोन्याहून बाराला पोचल्या. ऑरेलिया योलेची मुलगी, शाळेत शिकवणारी, आईसारखीच ताठ मानेची. नोर्मा तिची लेक, चित्रपटांचे जुने आवाज स्वच्छ करायच्या कामात. केस मुलासारखे कापलेले, खांद्याला पिशवी, पिशवीत लॅपटॉप. दारातच तिनं झायराच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"आजी, तुझे कान कसे आहेत?"

"नको ते सगळं ऐकू येतं."

कालवण वामीचंच होतं, टोमॅटो आणि व्हिनेगरमध्ये मंद आचेवर शिजलेलं, बरोबर पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट पोलेंता. पहिली ताटली संपेपर्यंत सगळे सभ्य होते. दुसरी वाढताना ओबेर्दाननं विषय काढलाच.

"तर, नोर्मा. मामाचं काम केलंस ना?"

"केलं. आणि एक जास्तीची गोष्टही सापडली." नोर्मानं घास बाजूला ठेवला. तिच्या चेहऱ्यावर लहान मुलाची लपवाछपवी होती. "शूटिंगच्या वेळी खुणेसाठी आवाज भरून ठेवायचे, माहितीय? नंतर डबिंग झालं की तो फेकून द्यायचे. तुमच्या चित्रपटाचा फेकलेला नाहीये. होडीच्या प्रसंगाची अख्खी फीत एका डब्यात मिळाली. आजीचा स्वतःचा आवाज."

ओबेर्दान उभा राहिला. खुर्ची मागं पडली, ती त्यानं उचललीही नाही. "ऐकलंस, आई? तुझा आवाज! मी म्हणत नव्हतो? त्यांनी दडपला होता तो. आज तोच लावायचा, पडद्यावर. त्या चष्मेवाल्याच्या तोंडावर!"

"म्हणजे माझ्या आईला काढून टाकायचं," ऑरेलिया शांतपणे म्हणाली.

"काढून कोण टाकतंय? पण ज्याचं त्याला नको का मिळायला?"

"माझी आई जाऊन दहा महिने झाले, ओबेर्दान. तिचा फोटो आहे, चष्मा आहे, शाल आहे. आवाज कुठंय सांग? या एका चित्रपटात आहे. नाव तर तेव्हाही दिलं नव्हतं तिचं. आता आवाजही नको?"

"ऑरेलिया बरोबर बोलतेय," मिरेल्ला म्हणाली.

"तू कुणाच्या घरची?"

"आकडा देत नाही तोवर कुणाचीच नाही."

झायरा या सगळ्यात नव्हती. तिच्या हातातला चमचा ताटलीच्या काठावर थांबला होता आणि कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. त्या फितीवर काय आहे ते तिला माहीत होतं. पोराला तिनं कधी सांगितलं नव्हतं. त्याला वाटायचं की आईनं ती सगळी मोठी वाक्यं आपल्या बोलीत म्हटली होती. तिनं वाटू दिलं होतं.

"नोर्मा," ती म्हणाली, "ते नको लावूस गं."

पण ओबेर्दाननं ताटल्या सरकवून लॅपटॉपला जागा केली होती, आणि नोर्मानं कळ दाबलीही होती.

आधी पाणी ऐकू आलं. होडीच्या लाकडावर चुबुक चुबुक करणारं उथळ खारं पाणी, अडुसष्ट वर्षांपूर्वीचं. मग एका पोरीचा आवाज आला, जाडसर, गावठी.

"एक."

ओबेर्दाननं कान पुढं केला.

"दोन."

मग नुसतं पाणी. कितीतरी वेळ पाणीच.

"चार. पाच. सहा. सात..."

पोरगी मोजत राहिली. चाळीसपर्यंत मोजलं. मग एका पुरुषाचा आवाज आला, "छान! बास!" आणि फीत संपली.

"हे काय?" ओबेर्दान म्हणाला. "वाक्यं कुठं आहेत?"

"वाक्यं नव्हतीच," झायरा म्हणाली. सांगून टाकल्यावर तिला आश्चर्य वाटलं, इतकं काही जड नव्हतं ते. "लिहिलीच नव्हती तेव्हा. तो पिवळ्या मफलरचा दिग्दर्शक म्हणाला, पोरी, तू नुसते आकडे मोज आणि पाण्याकडं बघ, शब्द आम्ही रोमला जाऊन घालू. सगळ्यांनाच तसं सांगायचे ते. पाद्रीबुवा झालेला तो नट तर शिव्या द्यायचा."

मिरेल्ला हसली आणि पदराआड जावं तशी ॲप्रनमध्ये तोंड लपवून बसली. ओबेर्दान पडलेली खुर्ची उचलून पुन्हा टेबलाशी बसला. त्याच्याकडं बघून झायराला वाईट वाटलं. तीस वर्षं पत्रं लिहिली होती पोरानं.

"म्हणजे माझी आई मोजत होती," तो म्हणाला. "आणि मी त्या लोकांना लिहिलं, हृदय पिळवटून टाकणारे उद्गार."

"हो रे बाबा."

"मला एक कळलं नाही," नोर्मा म्हणाली. "तीन कुठं गेला? आधी मला वाटलं फीत खराब झालीय. पण पाण्याचा आवाज चालूच आहे. सात सेकंद."

ऑरेलियानं मावशीकडं पाहिलं आणि मान खाली घातली. झायराला ती होडी आठवली. काठावर बाप उभा होता, हात मागं बांधून, आणि शेजारी आई. शूटिंग बघायला आले होते. एक म्हटलं तेव्हा तो समोर दिसत होता, दोन म्हटलं तेव्हा ती दिसत होती. दोघं कोरडी, धडधाकट. दुसऱ्याचा आकडा होडीत म्हणायचा नाही, पण समोर उभ्या माणसाचा म्हटला तर काय बिघडलं? मग तीन आला. तीन काठावर नव्हता. तीन कुठंच नव्हता. ती थांबली, कान लावले आणि पाण्याकडं बघत राहिली. दिग्दर्शकाला वाटलं की काय हा अभिनय!

ओबेर्दान लवकर खचणाऱ्यांतला नव्हता. त्यानं खिशातलं पत्र पुन्हा काढलं.

"'अथवा निदान पूर्वीचा दोष उरला नसेल.' अथवा! हे बघा. ठीक आहे, आवाज योले मावशीचाच राहू दे. ऑरेलिया, तुझंही समाधान. पण तो मधला खोकला काढायचा. नोर्मा, निघतो ना तो?"

"निघतो. एका मिनिटाचं काम आहे. दोन्ही प्रती करून आणल्यात मी. एकीत ठेवलाय, एकीत पुसलाय."

"मग झालं तर!"

सगळ्यांनी ऑरेलियाकडं पाहिलं. ती नॅपकिनची घडी घालत होती. "पुसा," ती म्हणाली. "आईला त्याची लाज होती बहुतेक. विचारलं की म्हणायची, घसा खवखवला. मावशीचं पारितोषिक माझ्या आईच्या घशापायी गेलं, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. तुझ्याच तोंडून, ओबेर्दान."

"मी काय मुद्दाम..."

"पुसा म्हटलं ना. तिच्यावरचा तो डाग तरी जाईल."

भांडणारे दोघं एका बाजूला आले आणि घर एकदम हलकं झालं. ओबेर्दाननं ऑरेलियाच्या पेल्यात वाइन ओतली. मिरेल्ला कॉफी करायला उठली. खिडकीबाहेर धुकं आणखी खाली उतरलं होतं, पुलाची कमानही आता त्यात गेली होती. झायराला डोळे मिटावेसे वाटत होते. मिळेल पाकोळी. कपाटावर ठेवता येईल, योलेच्या फोटोशेजारी. दोष निघेल. चांगलंच होईल सगळ्यांचं.

"गंमत म्हणजे," नोर्मा लॅपटॉपवर काहीतरी करत म्हणाली, "जुन्या प्रतीत तो आवाज इतका खरखरीत होता की खोकला की उसासा तेच कळायचं नाही. आता साफ केल्यावर मला तो खोकला वाटत नाही. आणि योलेआजी तिथं चुकेल कशी? पूर्ण सात सेकंद गप्प राहायचंय हे तिला कळत होतं. तिच्या कानात तर ही फीत चालू असणार."

"कुठली फीत?" झायरानं विचारलं.

"हीच, आत्ता ऐकलीस ती. डबिंग करणारे हेडफोन लावून आधी हा खुणेचा आवाज ऐकतात ना. पुन्हा पुन्हा ऐकतात. कुठं सुरू करायचं, कुठं थांबायचं, ते त्यावरूनच कळतं."

झायरा सरळ बसली.

"योलेनं हे ऐकलं?"

"दिवसभर ऐकलं असेल, आजी. वीस वेळा, तीस वेळा."

एक, दोन, मग पाणी, मग चार. अंधाऱ्या खोलीत, रोमला, कानांवर हेडफोन लावून. दोन वर्षं घरून पत्र नाही, नाव नाही, आणि कानात धाकटी बहीण होडीत बसून तिच्या आकड्याशी थांबलेली. दिवसभर थांबलेली, पुन्हा पुन्हा.

"तो आवाज लाव," झायरा म्हणाली. "तो खोकला. नुसता तेवढाच."

नोर्मानं लावला. इवलासा आवाज होता, श्वासावर ठेवलेला. रोमच्या भाषेतला नव्हता तो. खाजणातल्या बोलीतला होता, जिभेचं टोक दातांना लावून म्हणतात तसा. बोलोन्यात वाढलेल्या नोर्माला कळला नसता.

"पुन्हा."

पुन्हा लावला. या वेळी मिरेल्लाही कॉफीचं भांडं हातात घेऊन दारात थांबली.

"ती खोकली नाही," झायरा म्हणाली. "तीन म्हणाली ती."

ऑरेलियानं तोंडावर हात ठेवला.

चित्रपट झाला त्याच वर्षी, डिसेंबरात, योले परत आली होती. खाजणातून येताना काठावर, धुक्यात, पुठ्ठ्याची पेटी घेऊन उभी. बापानं होडी थांबवली, बोलला नाही. ती चढली, टोकाशी बसली. निघाल्यावर बाप म्हणाला, 'एक'. आई म्हणाली, 'दोन'. आणि पुढून आवाज आला, 'तीन', जणू काही कधी गेलीच नव्हती. बापाची काठी क्षणभर पाण्यातच राहिली. मग तो म्हणाला, "आज बर्फ पडेल." झायराला वाटलं होतं की आईनं चोरून पत्र घातलं असेल. आई मरेपर्यंत नाही म्हणाली, आणि झायरानं मरेपर्यंत तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

"तिला मीच बोलावलं होतं," ती म्हणाली. "आणि मला माहीत नव्हतं. आणि ती सांगायला लागली तर मी म्हटलं, राहू दे गं."

आता ती रडली. ऑरेलिया उठून तिच्या मागं उभी राहिली आणि तिच्या खांद्यांवर हात ठेवून तीही रडली.

थोड्या वेळानं झायरानं नाक पुसलं. "नोर्मा, ज्यात ठेवलाय ती प्रत लावायची."

"आई," ओबेर्दान हळू म्हणाला. त्याच्या परीनं हळू. "तो माणूस वही घेऊन बसणार आहे. ओठ मिटलेले आणि आवाज आला की तो लिहिणार, दोष तसाच आहे. पुन्हा कधी विचारणार नाहीत. पाकोळी गेली मग."

"उडू दे."

"तुला हवी होती ती. मला माहीत आहे."

तिनं पोराकडं पाहिलं. इतकी वर्षं आपण लपवलं आणि यानं ओळखलं होतं. उगाच नाही पत्रं लिहिली त्यानं.

"हवी होती," ती म्हणाली. "अजूनही हवीय. पण तिचा आकडा पुसून नको."

ओबेर्दाननं पत्राची घडी घातली आणि कोट चढवला. जाताना दार त्यानं आपटलं नाही, ओढून घेतलं, आणि ते सगळ्यांना जास्त लागलं.

चारला सभागृह भरलं होतं. ओल्या कोटांचा वास येत होता. पहिल्या पाच रांगांत चष्मेवाला माणूस वही मांडीवर घेऊन बसला होता, झायराच्या घरच्यांच्या बरोबर मागं. ओबेर्दान उशिरा आला आणि आईच्या शेजारच्या खुर्चीत बसला, तिच्याकडं न बघता. मग दिवे गेले आणि पडद्यावर खाजण पसरलं. आतलं आणि बाहेरचं धुकं एकच होऊन गेलं.

झायरा स्वतःला बघत होती. कोण ही पोर? तोंड उघडत होती आणि तिच्या तोंडून योले बोलत होती. सगळा चित्रपटभर योले बोलत होती, तरुण, खणखणीत, जिवंत. कधी वाटे आपण झोपलो आहोत, कधी वाटे अडुसष्ट वर्षं झोपलो होतो आणि आत्ता जाग येतेय.

होडीचा प्रसंग आला. पोर पाण्याकडं बघत बोलली, बोलता बोलता थांबली. ओठ मिटले. पाणी लाकडाला चुबकत होतं. आणि त्या मिटलेल्या ओठांवरून, होडीच्या न दिसणाऱ्या टोकाकडून, आवाज आला.

"तीन."

मागं वहीवर पेन्सिल चालल्याची खरखर झाली.

"चार," झायरा म्हणाली. मोठ्यानं, धुक्यात म्हणतात तसं.

"श्श!" मागून तो माणूस म्हणाला.

ओबेर्दान वळला. झायरानं त्याची बाही धरली, आता हा काहीतरी बोलणार म्हणून. तो वळून त्या माणसाकडं क्षणभर बघत राहिला. मग पुन्हा पडद्याकडं तोंड करून बसला, घसा साफ केला, आणि पलीकडच्या पुलापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला,

"पाच."